काजळीची हजेरी

खानझोडे काका रोज सकाळी सात वाजता मासळीबाजारात जाऊन माशांची हजेरी घेतात.

हजेरी म्हणजे अगदी शाळेतली. लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर, डावीकडे नावं, वर तारखा. नावं मात्र कोतरी, टेंगना, खोखसी, मोंगरी, केवई अशी. काका चष्मा कपाळावर चढवून टोपल्यांपुढून सावकाश चालतात, प्रत्येक टोपलीत वाकून पाहतात आणि पुटपुटतात, "टेंगना, हजर. खोखसी, हजर. पढिना... पढिना काहून नाही आज?"

"नइ मिलिस, गुरुजी," टोपलीमागची बाई सांगते. मिळाली नाही. मग काका गंभीर चेहऱ्याने चौकोनात 'गै' लिहितात. गैरहजर.

विद्यार्थी पंधरा दिवस आला नाही तर पालकांना चिठ्ठी पाठवायची, ही त्यांची तीस वर्षांच्या मास्तरकीतली सवय. माशांचे पालक कोण हे ठरत नसल्यामुळे ती चिठ्ठी माझ्याकडे येते. समता कॉलनीत माझं चष्म्याचं दुकान आहे. 'पढिना सतरा दिवसांपासून अनुपस्थित. कृपया लक्ष घालावे,' अशा चिठ्ठ्यांचा एक गठ्ठाच माझ्या ड्रॉवरमध्ये साठला आहे. मी लक्ष काय घालणार? मला घरी ताटात आलेली पढिनासुद्धा ओळखता येत नसे.

इतकं करून काकांनी चार वर्षांत एकही मासा विकत घेतलेला नाही. ते कट्टर शाकाहारी. केकमध्ये अंडं असेल या भीतीने कुणाच्या वाढदिवसाला जाण्याआधी फोन करून विचारतात. बाजारातल्या बायकांना ते सुरुवातीला सरकारी इन्स्पेक्टर वाटले, मग वेडे वाटले, आणि आता त्या जाळ्यात काही निराळं आलं तर ओल्या पोत्याखाली झाकून ठेवतात. "गुरुजी के हाजिरी बर," म्हणतात. गुरुजींच्या हजेरीसाठी.

"हजेरी आधी, बाकी मग," हे काकांचं ब्रीद. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा दुसऱ्या दिवशी भेटायला आले. पलंगाशी उभे राहून म्हणाले, "तुझं तं होऊन गेलं. या दवाखान्याच्या मागं डबकं आहे, पाहिलं का? दोन जाती दिसल्या. तिसरीचा संशय आहे."

अभनपुरला माझ्या मेहुणीच्या लग्नात तर त्यांनी कमाल केली. मंगलाष्टकं सुरू झाली आणि काका दिसेनात. मांडवामागच्या नाल्यात ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे होते, आणि हातात वरपक्षाचा मानाचा तांब्या होता. तांब्यात दोन केवया. केवई हा मासा पाण्याबाहेर काढला तरी तासन् तास जगतो आणि कल्ल्यांच्या काट्यांवर रेटत जमिनीवरून चालतो, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. पंगत बसल्यावर ते सगळ्यांना एकदमच कळलं. पत्रावळींच्या दोन रांगांमधून एक केवई खुरडत निघाली, वराच्या आत्याबाई पाटावर चढल्या, आणि काका मागून शांतपणे सांगत आले, "घाबरू नका. तिचं तुमच्या जेवणात लक्ष नाही. पाण्याकडे चालली ती."

माझी बायको त्यांना पुढे दोन वर्षं लग्नाची पत्रिका देऊ देईना.

तरी मला काका आवडत. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते स्टीलच्या डब्यातून बाजारातला एखादा उसना मासा घेऊन येत आणि माझ्या भिंगाखाली धरून त्याचे खवले मोजत. एकदा एक बाई चष्म्याचा नंबर तपासायला आल्या होत्या. त्यांनी चुकून त्याच भिंगातून पाहिलं आणि टेंगन्याच्या मिशा पाहून त्या जिना उतरून गेल्या. मी रागावलो नाही. काकू गेल्यापासून काकांच्या घरी बोलायला कुणी नव्हतं. यमुनाकाकू फार शांत होत्या. पंचवीस वर्षं एका कॉलनीत राहून मी त्यांना मोठ्याने बोलताना ऐकलं नाही. माहेर भंडाऱ्याकडचं, एवढंच माहीत होतं. चार वर्षांपूर्वी आजारात गेल्या, आणि महिन्याभराने काका रजिस्टर घेऊन मासळीबाजारात दिसू लागले. लोक म्हणाले, एकटा पडला की माणूस काहीतरी धरतो. मीही तेच म्हणालो.

आता मला जे सांगायचं आहे त्यात गंमत कमी आहे, आणि जी काही चूक आहे ती माझी आहे.

आमच्या कॉलनीला लागून एक तळं आहे. बोईर तरिया म्हणतात त्याला. तरिया म्हणजे तळं, आणि काठाला पूर्वी बोरीचं झाड होतं. त्याची देखभाल कॉलनीची समिती करते. मी समितीचा सचिव, कारण माझं हिंदी अक्षर चांगलं आहे. या उन्हाळ्यात अध्यक्षांनी तळं एका ठेकेदाराला मासे पाळायला द्यायचं ठरवलं. तो रोहू, कतला आणि मिरकल, या तीन विकाऊ माशांचं बी, म्हणजे पिल्लं, सोडणार होता. पण त्याआधी तळ्यातले जुने रानटी मासे काढायचे. त्यासाठी इकडे महुआ खली घालतात. मोहाच्या बियांचं तेल काढल्यावर उरणारी ती पेंड. पिंपात भिजवून पाण्यात फेकली की माशांचा श्वास कोंडतो आणि सगळे वर येतात. माणसाला त्याचा त्रास नाही. लोक ते मासे गोळा करून खातात. दोन-तीन आठवड्यांत पाणी निवळतं, मग नवीन बी.

सूचना मी लिहिली. 'रविवार को अवांछित मछलियों की सफ़ाई की जाएगी.' खाली माझी सही.

ती वाचून काका सरळ दुकानात आले.

"हे तू लिहिलं?"

"हो काका. ठेकेदाराची भाषा आहे ती."

"अवांछित म्हंजे कोण?"

"ते तीन सोडून बाकी सगळे."

"म्हंजे वर्गात तीन पोट्टे ठेवाचे, बाकीच्यायले विष घालाचं, आन् म्हणाचं शाळा भरली." ते खुर्चीत बसले. रजिस्टर उघडून त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे पाह्य."

नाव होतं 'काजळी'. त्यापुढे पानभर 'गै'. त्यांनी मागची पानं उलटली. चार वर्षं, प्रत्येक चौकोनात 'गै'.

"बाकी बावीस नावं सापडली मले. गावागावाले नाव बदलते, पण मासा सापडला. ही एकच राहिली. बोटभर असते. डोळ्याखाली काजळ फिसकटल्यावानी रेघ. सुकवारो म्हणते, दोन वर्षांमागं बोईर तरियात पाह्यली होती."

सुकवारो म्हणजे बाजारातली सगळ्यात म्हातारी मासेवाली. काकांच्या हजेरीतली निम्मी नावं तिनेच ओळखून दिलेली.

"तिच्या घरी लग्न आहे. बुधवारी मोकळी होते. मग आम्ही दोघं पाणी चाळतो. चार काजळ्या भेटल्या तं दुसऱ्या तळ्यात नेऊन सोडतो. मग घाला तुमची खली. मले आठ दिवस दे, दिवाकर."

आजवर काकांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी म्हणालो, "आज गुरुवारची मीटिंग आहे. मी बोलतो. झालंच समजा."

मीटिंगमध्ये मी बोलायला तोंड उघडलंही. "एक विनंती आहे. खानझोडे गुरुजी म्हणत होते की—"

अध्यक्ष म्हणाले, "गुरुजी की कौन-सी मछली ऐबसेंट है आज?"

सगळे हसले. आणि मी काय केलं? मीसुद्धा हसलो. नुसता हसलो नाही, तर "पालकांना चिठ्ठी गेली आहे" असं म्हणून आणखी हसवलं. मग पुढचा विषय निघाला, रस्त्यावरच्या दिव्यांचा. मी तो वहीत लिहून घेतला.

काका माझ्या गेटशी उभे होते. संध्याकाळचे सात वाजले असतील. मी लांबूनच त्यांना पाहिलं. त्यांनी विचारलं, "काय म्हणाले?"

मी म्हणालो, "मिळाले आठ दिवस."

असं का म्हणालो, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. त्या क्षणी वाटलं, उद्या अध्यक्षांना एकट्याला गाठीन, फोन करीन, जमवीन. खोटं नाही हे, फक्त थोडं आधी सांगितलेलं खरं आहे. काकांनी माझा हात धरला. "तू होता म्हणून झालं," म्हणाले.

शुक्रवारी मी अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, "सेक्रेटरी साहब, खली का ट्रक निकल चुका है. अब मछलियों की रिश्तेदारी छोड़िए."

शुक्रवारी संध्याकाळी काका ओट्यावर बसून मच्छरदाणी शिवत होते. जुनी मच्छरदाणी दोन बांबूंना बांधून त्यांनी जाळं केलं होतं. "हे मऊ आहे. खवले निघत नाहीत," मला सांगितलं. मी त्यांच्याजवळ उभा राहून दोरा ओवून दिला. सुईच्या नाकातून दोरा काही केल्या जाईना, तेव्हा काका म्हणाले, "चष्मेवाल्याले चष्मा लागला वाटते."

शनिवारी दुपारी ते दुकानात आले. मी ठरवलं होतं, आज सांगायचंच. त्यांनी एक छोटं भिंग मागितलं, तळ्याकाठी न्यायला. मी नवीन भिंग काढून पुसलं, खोक्यात घातलं, खोकं कागदात गुंडाळलं, त्याला रबर लावलं. एवढ्या वेळात चार वेळा वाक्य ओठापर्यंत आलं. काका म्हणाले, "बुधवारी तूबी ये. दुकान एक दिवस बंद ठेव."

"येतो," मी म्हणालो.

त्याच दुपारी घरी जेवायला जाताना मी तळ्याकाठी पिंपं पाहिली. माणसं पोती फोडून खली भिजत घालत होती. आंबूस, तेलकट वास सुटला होता. काकांचं घर कॉलनीच्या दुसऱ्या टोकाला, तिकडे हा वास जाणार नव्हता, आणि मला खरं सांगायचं तर त्याचा दिलासा वाटला.

रविवारी उजाडताच मी काकांच्या घरी धावलो. काय सांगणार होतो कोण जाणे. दाराला कुलूप होतं. रविवारी बाजाराआधी ते फिरायला जात, आणि त्या दिवशी ते तळ्यावर गेले होते.

मी पोहोचलो तेव्हा पाणी चहासारखं झालं होतं. मासे वर येऊन तोंडं वासत होते, आडवे होत होते. बायका, म्हातारे, सगळे टोपल्या घेऊन पाण्यात उतरले होते. लोकांना उत्सव वाटत होता. काका घाटाच्या तिसऱ्या पायरीवर उभे होते. बगलेत रजिस्टर. मला पाहून त्यांनी मान पुन्हा पाण्याकडे वळवली. "तू तं म्हणाला होता" एवढंही म्हणाले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

मी बुटांसकट पाण्यात उतरलो.

आयुष्यात पहिल्यांदा मी मासे नीट पाहिले. इतके निरनिराळे असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणजे काका रोजच सांगत होते, मीच ऐकलं नव्हतं. चपटे, काचेसारखे आरपार, सापासारखे लांब, पोटावर गुलाबी झाक असलेले. मी एकेक उचलून डोळ्याखाली रेघ आहे का पाहत होतो आणि टाकत होतो. अध्यक्ष काठावरून म्हणाले, "अरे सेक्रेटरी साहब, आप भी?" मी मान वर केली नाही. सुकवारो लग्नघर सोडून आली होती. कमरेइतक्या पाण्यात उभी राहून ती मला म्हणाली, "उहां नहीं बाबू, कमल के जड़ तीर देख." कमळाच्या मुळांशी पाहा.

तिथे सापडल्या. दोन. बोटाएवढ्या, मातकट, आणि डोळ्याखालून गालावर उतरलेली काळी रेघ. एक निपचित होती. दुसरीचे कल्ले हलत होते.

मी ओंजळीत धरून पायऱ्या चढलो. सुकवारोने कळशीतलं ताजं पाणी बादलीत ओतलं. ताज्या पाण्यात कधीकधी मासा सावरतो, म्हणाली. आम्ही तिघं बादलीभोवती बसलो. काकांनी नवीन भिंग काढलं आणि त्या कल्ल्यावर धरलं. हलतो, थांबतो. हलतो, थांबतो. मध्ये एकदा तिने शेपटी मारली आणि सरळ झाली, आणि माझ्या तोंडून "काका" असं निघालं. मग ती हळूहळू एका कुशीवर कलंडली. ऊन पायऱ्यांवर आलं तोवर काका भिंग धरूनच बसले होते.

सुकवारो म्हणाली, चिखलाच्या कोपऱ्यात खली पोचली नसेल, एखादी वाचली असेल. तिने ते आमच्यासाठी म्हटलं की खरंच, मला कळलं नाही.

मी म्हणालो, "काका, मी खोटं बोललो. मी मीटिंगमध्ये काहीच बोललो नाही. हसलो."

"माहीत आहे," काका म्हणाले. "शनिवारी तू भिंगाले रबर लावत होता तवाच समजलं, काहीतरी लपवून राहिला. मास्तर आहे मी. पण मले वाटलं, पैसे घ्याचे नाहीत म्हणून लाजून राहिला."

त्यांनी दोन्ही मासे रुमालात घेतले. "चाल घरी. तुले मासा रांधता येते न?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांच्या मागे गेलो.

स्वयंपाकघरात त्यांनी फळीवरून एक लोखंडी तवा काढला. त्यावर दुकानाचा कागद अजून चिकटलेला होता. "चार वर्षांमागं आणला," म्हणाले. मासे साफ कसे करायचे ते मी सांगत गेलो आणि त्यांनी स्वतः केले. मला हात लावू दिला नाही. त्यांची मान सारखी दाराकडे वळत होती, जणू कुणी बघेल.

"यमुना ढिवराची, मासे धरणाऱ्याची पोरगी," ते अचानक म्हणाले. "तुमच्यापैकी कोणाले माहीत नाही. तळ्याकाठी वाढली. माह्या आईनं लग्नाले हो म्हटलं ते एका अटीवर. या घरात मासा येणार नाही, आन् त्याचं नावबी निघणार नाही. मी काही बोललो नाही. एकदा तिचे बाबा आले. भंडाऱ्याहून रेल्वेनं, ओल्या फडक्यात मासे बांधून. पोरीले आवडतात म्हणून. मी दारातूनच म्हटलं, आज आई आहे, पुढच्या खेपेला आणा. पुढची खेप कायची? आई तं घरीच राहणार होती. म्हातारा हसला आन् फडकं घेऊन परत गेला. ती आत पीठ मळत होती. तिनं ऐकलं."

तेल तापलं होतं. मी हळद-तिखटाचा डबा पुढे सरकवला.

"आई गेल्यावरबी मी म्हटलं नाही, आता आण म्हणून. सवय झाली होती न बोलाची. शेवटी दवाखान्यात तिले तापात भान नव्हतं. एकेक नाव घेत होती. मले वाटलं मैत्रिणींची नावं आहेत, कळवावं लागन. म्हणून मी लिहून घेतली, हजेरीसारखी. तं तिथली आया म्हणते, 'ए मन तो मछरी के नाव आय, गुरुजी.' तेवीस माशांची नावं होती. काजळीवर आली की ती थांबे. म्हणे, हिची आई हिले तीट लावते."

तव्यावर मासे पडले आणि घर त्या वासाने भरून गेलं. काकांनी उठून खिडकी उघडली नाही.

त्यांनी एक ताट माझ्यापुढे ठेवलं, एक आपल्यापुढे. दोन्हींत एकेक काजळी.

"खा. आन् कशी झाली ते सांग."

मी घास घेतला. 'छान झाली' हे शब्द तयारच होते. गेले चार दिवस असलेच शब्द माझ्या तोंडातून येत होते. काका माझ्याकडे पाहत होते.

"मीठ जास्त झालंय, काका," मी म्हणालो. "काटे फार आहेत. थोडा मातीचा वास येतो."

"अजून?"

"पण गोड आहे. काट्याजवळचं मांस फार गोड आहे."

"गोड," काका स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी बाह्या सारल्या, ताट जवळ ओढलं आणि माझ्या हाताकडे पाहत विचारलं, "काटा कुठून काढाचा असते? सावकाश दाखव."